चिनी मातीच्या फरशीचा अवघड तुकडा : मापन व भूमितीचा एक पाठ

शहाबादी फरशीची जागा आता खेड्यापाड्यांतील घरांतूनही चिनी मातीच्या मोठ्या भाजीव फरशीने घेतली आहे. ही फरशी बसविणाऱ्या कारागिराची खरी परीक्षा खोलीच्या मध्यभागी होत नाही. तेथे अखंड फरशी अखंड फरशीस लागून बसत जाते व दोरी सरळ असली म्हणजे काम पुढे सरकते. परीक्षा होते ती कडेला. भिंत तिरपी निघते, दाराची चौकट मध्ये येते, खांब गोल असतो, न्हाणीघरात नळ भिंतीतून बाहेर डोकावतो. ह्या प्रत्येक जागी त्या जागेच्याच आकाराचा एक तुकडा कापावा लागतो, आणि तो तुकडा दुसरीकडे कोठेही उपयोगी पडत नाही.

उच्च प्राथमिक वर्गांत कोन, समांतर रेषा, वर्तुळ, बहुभुजाकृती व पायथागोरसचा सिद्धांत हे विषय शिकविले जातात. फरशीच्या अवघड तुकड्यात हे सर्व एकत्र येतात. वहीतील उदाहरण चुकले तर ते चुकले असे शिक्षकास सांगावे लागते. येथे तुकडा जागेवर बसत नाही, एवढ्यानेच विद्यार्थ्यास कळते. ह्या दृष्टीने इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी प्रस्तुत पाठ सुचविला आहे. १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणाचा हाच गाभा होता, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ह्याच इयत्तांच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे अशी सूचना आहे.

एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केली पाहिजे. मुलांनी फरशी कापावयाची नाही. पुठ्ठा कापावयाचा आहे. फरशीचे प्रत्यक्ष काम कारागिराचे. ह्या मर्यादेचे कारण लेखाच्या उत्तरार्धात विस्ताराने दिले आहे व ते शिक्षकांनी वगळू नये.

द्रव्याची ओळख

बाजारात 'पोर्सलिन' म्हणून मिळणारी फरशी पांढरी चिनी माती, फेल्डस्पार व गारेची पूड यांच्या बारीक मिश्रणापासून होते. हे मिश्रण साच्यात मोठ्या दाबाने दाबतात व सुमारे १२०० अंश सेल्सियस उष्णतेत भाजतात. त्या उष्णतेत फेल्डस्पार वितळतो, कणांमधील पोकळ्या भरून काढतो व निवल्यावर सर्व कण काचेसारखे एकजीव होतात. त्यामुळे ह्या फरशीचे पाणी शोषण्याचे प्रमाण तिच्या वजनाच्या ०.५ टक्क्याहून अधिक नसते. भिंतीला लावावयाच्या साध्या चकचकीत टाइलमध्ये ते १० टक्क्यांहूनही अधिक आढळते. दोन्हींचे टाकाऊ तुकडे मिळवून पाठीमागच्या बाजूवर पाण्याचा थेंब सोडावा. एकीवर तो जिरतो, दुसरीवर तसाच राहतो. हा प्रयोग दोन मिनिटांचा आहे. पण द्रव्याचा स्वभाव मुलांच्या लक्षात राहतो. ह्या धंद्याचे देशातील सर्वांत मोठे केंद्र गुजरातमधील मोरबी होय, हे नकाशावर दाखवावे.

शहाबादी फरशी हा थराथरांचा चुनखडीचा दगड आहे. छिन्नी-हातोड्याने तिची कड टिचून काढता येते. चूक झाली तरी थोडी सुधारता येते. चिनी मातीच्या फरशीस थर नाहीत. ती काचेप्रमाणे वागते. तुटावयाची ठरली म्हणजे क्षणात व आरपार तुटते, आणि कोठून तुटेल हे तिच्यावरील सूक्ष्म ओरखडा ठरवितो.

तोडण्यापूर्वीची आखणी

कडेच्या तुकड्याचा विचार पहिली फरशी ठेवण्यापूर्वीच करावा लागतो. एक खोली ३१४५ मिलिमीटर रुंद आहे असे घ्यावे. फरशी ६०० मिलिमीटरची, सांधा ३ मिलिमीटरचा व दोन्ही भिंतींजवळ ५-५ मिलिमीटर मोकळी जागा. एका भिंतीपासून सुरुवात केली तर पाच अखंड फरश्या बसतात व दुसऱ्या भिंतीशी १२० मिलिमीटरची चिंचोळी पट्टी उरते. पडताळा असा : फरश्या ३०००, पट्टी १२०, पाच सांधे १५, भिंतीजवळची जागा १०, एकूण ३१४५. आता अखंड फरश्या चारच घेतल्या व उरलेली जागा दोन्ही बाजूंस सारखी वाटली, तर प्रत्येक बाजूस किती रुंदीचा तुकडा येईल? तुकड्यांची एकूण संख्या सहाच राहते, म्हणून सांधेही तेवढेच राहतात; बदलते ते इतकेच की एक अखंड फरशी व ती पट्टी मिळून दोन समान भाग होतात. ६०० अधिक १२० भागिले २, म्हणजे ३६० मिलिमीटर. खोली दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि भिंत थोडी तिरपी असली तरी रुंद तुकड्यात ते डोळ्यांस खुपत नाही.

मात्र ह्याची किंमत मोजावी लागते, व ती मुलांकडूनच काढून घ्यावी. १२० मिलिमीटरच्या चार पट्ट्या एका फरशीतून निघतात. पाच निघत नाहीत, कारण प्रत्येक कापात पात्याच्या जाडीइतके द्रव्य जाते. ३६० चा तुकडा मात्र एका फरशीतून एकच निघतो. दहा ओळींच्या खोलीस पहिल्या रीतीने ५३ फरश्या लागतील, दुसऱ्या रीतीने ६०. सात फरश्या अधिक. घरधन्याने काय निवडावे हे गणित सांगत नाही. पण त्याला निवड करावयाची आहे हे सांगते. पुष्कळदा घरधन्यास हे विचारलेच जात नाही, आणि मग काम संपल्यावर वाद होतो.

खोलीचा कोपरा काटकोनात आहे किंवा नाही हेही आधीच पाहावे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट मोजून खुणा कराव्या. खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरले तर कोपरा काटकोनी. ही कसोटी गवंडी पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत. वर्गाच्या चारही कोपऱ्यांवर ती करून पाहावी. चारही कोपरे उतरले तर ती शाळा भाग्यवान समजावी.

माप जागेवरून घ्यावे

तिरप्या भिंतीशी बसणाऱ्या तुकड्याचे माप पट्टीने घेण्यास मुले सहज प्रवृत्त होतात. एका टोकाशी अंतर १८२, दुसऱ्या टोकाशी १९१, अशी टिपणे करून ती फरशीवर उतरवितात, आणि तुकडा उलटा निघतो. डावे माप उजवीकडे गेलेले असते. अनुभवी कारागीर येथे आकडा वाचतच नाही. त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. जी फरशी कापावयाची ती शेवटच्या अखंड फरशीवर तंतोतंत ठेवावी. तिच्यावर तिसरी फरशी ठेवून ती भिंतीकडे सरकवावी व भिंत आणि ती फरशी ह्यांच्यामध्ये ८ मिलिमीटरची चीप घालावी. सांध्याचे ३ व मोकळ्या जागेचे ५ मिलिमीटर ह्या चिपेने वजा होतात. आता तिसऱ्या फरशीच्या मागील कडेने मधल्या फरशीवर रेघ ओढावी. मधल्या फरशीचा जो भाग उघडा राहतो, तोच हवा असलेला तुकडा.

हे का जमते, असा प्रश्न मुलांस विचारावा. तिसऱ्या फरशीच्या दोन्ही कडा समांतर आहेत. पुढची कड भिंतीशी जुळलेली आहे, म्हणून मागची कड म्हणजे भिंतीचीच रेषा, एका फरशीच्या रुंदीइतकी मागे सरकविलेली. कापलेला तुकडा तेवढाच पुढे सरकविला की तो भिंतीशी जुळणारच. तो फिरवावयाचा नाही, पालथा करावयाचा नाही, केवळ सरकवावयाचा. जाड पुठ्ठ्याचे ३० सेंटिमीटरचे चौरस करून वर्गाच्या भिंतीशी हा प्रयोग करता येतो. भिंत अगदी सरळ असल्यास एक लाकडी फळी मुद्दाम तिरपी ठेवावी.

चौकटीच्या कोपऱ्यावर एल आकाराचा तुकडा लागतो तेथेही हीच युक्ती दोन वेळा करावी लागते. एकदा एका बाजूच्या फरशीवर ठेवून, दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूच्या. दुसऱ्या जागी नेताना फरशी फिरविली की सर्व काम फुकट गेले. म्हणून कारागीर तिच्या दाराकडील कडेवर आधी बाणाची खूण करून ठेवतो.

गोल खांबाशी समांतर कडा चालत नाही. तेथे कंपास लागतो. पुठ्ठा खांबाजवळ सरकवून ठेवावा, कंपास ठराविक अंतराचा उघडावा, त्याचे टोक खांबाच्या बुडाशी टेकवून फिरवावे व पेन्सिल पुठ्ठ्यावर उमटू द्यावी. येथे एक बारकावा आहे व तो बहुतेकांच्या हातून निसटतो. कंपास आरंभापासून शेवटपर्यंत एकाच दिशेने धरला पाहिजे. खांबाच्या गोलाईबरोबर तो वळविला तर आकृती बदलते. खांबाची त्रिज्या १५० मिलिमीटर व कंपासाचे अंतर १०० मिलिमीटर असेल, तर एकाच दिशेने धरलेला कंपास १५० त्रिज्येचाच कंस काढतो. वळत गेलेला कंपास २५० त्रिज्येचा कंस काढतो आणि तुकडा खांबाशी मध्यावर टेकून दोन्ही अंगांस उघडा पडतो. दोन्ही कंस एकाच पुठ्ठ्यावर दोन रंगांनी काढवून घ्यावे. स्थानांतरण म्हणजे काय, हे त्यानंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही.

रेघेवरून तुटणे आणि कोपऱ्यातून फुटणे

सरळ काप हातकटरने होतो. त्याचे कठीण धातूचे लहान चाक फरशीवर एकच अखंड ओरखडा उमटविते. नंतर दोन्ही बाजूंस सारखा भार दिला की फरशी त्या रेघेवरून दुभंगते. जाडी ९ मिलिमीटर, ओरखडा केसाएवढा, तरी ती आरपार तुटते. चाक त्याच रेघेवरून पुन्हा फिरविले तर कड दातेरी होते, म्हणून जाणता कारागीर एकदाच फिरवितो व त्या वेळी बोलत नाही.

ह्याचे कारण मुलांच्या परिचयाचे आहे. शाम्पूच्या पुडीस कडेवर एक बारीक खाच असते. खाच नसलेल्या कडेवरून ती फाटत नाही. खाचेवरून सहज फाटते. ताण अणकुचीदार टोकाशी एकवटतो. सी. ई. इंग्लिस ह्या इंग्रज अभियंत्याने १९१३ साली गणिताने दाखविले की ताणलेल्या पत्र्यातील गोल छिद्राच्या कडेशी ताण तिप्पट होतो व छिद्र जितके चिंचोळे आणि टोकदार तितका तो आणखी वाढतो. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या ए. ए. ग्रिफिथ ह्यांच्या निबंधात काचेसारखे पदार्थ सूक्ष्म भेगांमुळे कसे तुटतात ह्याचा उलगडा केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बांधलेल्या 'लिबर्टी' जहाजांपैकी काहींच्या पोलादी डेकला ज्या भेगा गेल्या, त्यांतील कित्येकांचा उगम मालाच्या तोंडाच्या चौकोनी कोपऱ्यात होता.

सरळ कापात जो गुण उपयोगी पडतो तोच एल आकाराच्या तुकड्यात घातक ठरतो. दोन काप आतल्या कोपऱ्यात मिळाले की तेथे टोकदार खाच तयार होते. तुकडा उचलताना, अगर बसविल्यानंतर कोणाचा पाय पडला असता, भेग त्या कोपऱ्यातून तिरपी निघते. म्हणून प्रथम आतल्या कोपऱ्यावर ६ ते ८ मिलिमीटरचे छिद्र पाडावे व नंतर दोन्ही काप त्या छिद्रापर्यंतच आणावे. कोपरा गोल राहतो, ताण पसरतो. तो गोलवा चौकटीच्या बुडाशी झाकला जातो. वर्गात दोन कागदी पट्ट्या घ्याव्या. एकीत कात्रीने टोकदार खाच करावी, दुसरीत खाचेच्या टोकाशी पंचने भोक पाडावे, आणि दोन्ही ओढून पाहाव्या.

ग्राइंडरच्या गोल पात्याने आत थांबणारा काप घेताना आणखी एक अडचण येते. पाते गोल असल्यामुळे वरच्या पृष्ठावर काप जेथपर्यंत पोचतो, तेथपर्यंत तो खालच्या पृष्ठावर पोचत नाही. पात्याचा व्यास १०५ मिलिमीटर व फरशीची जाडी ९ मिलिमीटर घेऊन हिशेब करावा. पाते फरशीच्या तळाशी नुसते टेकेल इतकेच खाली नेले, तर पायथागोरसच्या सिद्धांताने वरचा काप मध्यापासून सुमारे २९ मिलिमीटर पुढे जातो व खालचा शून्य राहतो. तेच पाते वरच्या पृष्ठाखाली २० मिलिमीटर उतरविले, तर वरची मर्यादा सुमारे ४१ व खालची सुमारे ३२ मिलिमीटर येते. अंतर ९ वर येते. म्हणजे पाते जितके खोल, तितका हा फरक कमी. तरीही तो उरतोच, म्हणून कारागीर पुढच्या बाजूने खुणेच्या थोडे अलीकडे थांबतो व राहिलेला काप फरशी पालथी करून पाठीमागून पुरा करतो. जादा गेलेला काप मग मागे राहतो व दिसत नाही. त्रिज्या, जीवा आणि जीवेचे केंद्रापासूनचे अंतर ह्यांवरील उदाहरणांत याहून जिवंत उदाहरण सापडणे कठीण.

नळासाठी गोल छिद्र हवे असल्यास हिऱ्याचे कण बसविलेले पोकळ ड्रिल वापरतात. ते गुळगुळीत पृष्ठावर घसरते, यासाठी प्रथम तिरपे टेकवून चंद्रकोरीएवढी खाच करतात व मग हळूहळू उभे करतात. पाणी सतत घालतात आणि ड्रिलची ठोका देण्याची कळ बंद ठेवतात. मोठे छिद्र ग्राइंडरने करावयाचे झाल्यास वर्तुळाच्या आत आधी चौकोन, मग अष्टकोन, मग सोळा भुजांची आकृती असे कोपरे कमी करीत जातात. त्रिज्या ५० मिलिमीटर असेल तर आतील अष्टकोनाची बाजू वर्तुळापासून मध्यावर सुमारे ३.८ मिलिमीटर दूर राहते, सोळा भुजांची सुमारे १ मिलिमीटर. तेवढे कुरुंदाच्या दगडाने घासून निघते. परिघ व व्यास ह्यांचे गुणोत्तर काढताना आर्किमिडीज ९६ भुजांपर्यंत गेला होता. फरशीस तितक्या लागत नाहीत.

धूळ

पाठाचा हा भाग गणिताचा नाही, तरी तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

गारेची पूड हा फरशीचा एक घटक आहे, हे वर आलेच आहे. गार म्हणजे स्फटिकी सिलिका. फरशी ग्राइंडरने कोरडी कापली की जो पांढरा लोट उठतो त्यात सिलिकाचे कण असतात. डोळ्यांस दिसणारी जाड धूळ नाका-घशात अडते. खरा अपाय न दिसणाऱ्या, १० मायक्रॉनहूनही लहान कणांचा. मनुष्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, ह्यावरून कल्पना यावी. हे कण फुप्फुसांच्या अगदी आतल्या कोषांपर्यंत जातात, तेथे राहतात, व त्यांभोवती फुप्फुसाचे मऊ द्रव्य कठीण व्रणासारखे होत जाते. ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढू शकतो, आणि अशा फुप्फुसांस क्षयाची बाधा लवकर होते. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात हा रोग सरकारास कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. पण घरोघरी जाऊन फरशी बसविणारा कारागीर कोणत्याच कारखान्यात नसतो, आणि त्याची नोंद कोण घेणार हा प्रश्न राहतोच.

तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवीत नाही. कारागीर तो बांधतात व सुरक्षित झालो असे मानतात, हीच मोठी अडचण आहे. उपाय साधे आहेत. सरळ काप शक्यतो हातकटरने घ्यावा, म्हणजे धूळ जवळजवळ उडतच नाही. पात्याचा काप पाण्याखाली घ्यावा. पाण्यावर चालण्यासाठी केलेले यंत्र असेल तर उत्तम. साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी ओतणे हा मात्र उपाय नव्हे, त्यात विजेच्या धक्क्याचे भय आहे. कोरडा काप टळतच नसेल तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, एन-९५ प्रतीचा मुखवटा घट्ट बसवून आणि पात्यावरील आवरण न काढता घ्यावा. बंद खोलीत कधीही घेऊ नये.

शाळेतील कित्येक मुलांचे वडील, काका अथवा मोठे भाऊ हेच काम करतात. सुट्टीत काही मुले हाताखाली जातात, फरशी धरतात, आणि ती धरताना त्यांचे तोंड पात्यापासून हातभर अंतरावर असते. चौदा वर्षांखालील मुलास कामास लावण्यास कायद्याने बंदी आहे, चौदा ते अठरा वयाच्या मुलास धोक्याच्या कामास; आणि तरीही हे घडते. शिक्षकाने ह्यावरून कोणाच्या वडिलांस दोष देऊ नये. गावातील एखाद्या फरशीकाम करणाऱ्या पालकास सन्मानाने वर्गात बोलवावे, त्यांना खुर्ची द्यावी, मुलांनी 'काका' म्हणून प्रश्न विचारावेत, व तीन फरश्यांची युक्ती त्यांच्याच हातून पाहावी. हातकटरचा एक सरळ काप त्यांनी अंगणात करून दाखविण्यास हरकत नाही. मुलांस चार हात दूर बसवावे. धुळीचा विषय त्याच वेळी, त्यांच्या समोर व त्यांच्याशी बोलत काढावा. मुले घरी जाऊन जे सांगतात ते पुष्कळदा ऐकले जाते. पण ज्या कारागिराचा वर्गात मान झाला, तो ते स्वतः इतरांस सांगतो.

शाळेत स्वच्छतागृहाचे अथवा पाणवठ्याचे फरशीकाम निघाले असेल तर मुख्याध्यापकांनी ते सुट्टीच्या दिवशी ठेवावे आणि कापण्याची जागा वर्गांपासून दूर नेमून द्यावी. जागा झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे. कोरडी झाडू मारू नये. ओल्या कापातून निघणारा पांढरा गाळ मोरीत सोडू नये, तो तेथे घट्ट होऊन बसतो. बादलीत निवळू द्यावा, वरचे पाणी ओतावे व गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून खड्ड्यात पुरावा. वाळू दिला तर तो पुन्हा धूळच होतो.